लोकशाहीचे दिवस कसे पाळावेत : इंदूरच्या मराठी मंडळांतील नव्या कार्यकर्त्यांसाठी

मंडळाच्या कार्यकारिणीत नव्याने आलेल्या सभासदाकडे पहिल्या वर्षी बहुधा संविधान दिन किंवा मतदार दिन सोपवला जातो, कारण गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट ही कामे जुन्या, सरावलेल्या हातांत असतात. माझ्याकडेही ते असेच आले. पहिल्या वर्षी आम्ही २५ जानेवारीला एक पाहुणे बोलावले, सर्वांना उभे करून मतदाराची प्रतिज्ञा घेतली, चहा-पोहे दिले आणि छायाचित्रे काढली. पुढच्या निवडणुकीत त्याच कार्यक्रमाला दरवर्षी पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक आजी मतदान केंद्रावरून परत आल्या, कारण यादीत त्यांचे नावच नव्हते. त्यांनी घर बदलले होते, जुन्या पत्त्यावरचे नाव निघाले होते आणि नवे कोणी घातले नव्हते. आम्ही त्यांच्याकडून प्रतिज्ञा म्हणून घेतली होती, पण यादी कधी उघडून पाहिली नव्हती.

त्यानंतर मी एक नियम धरला, आणि या लेखातील प्रत्येक सूचना त्यावरच उभी आहे: लोकशाहीशी संबंधित कोणताही दिन ही एखादे काम पुरे करण्याची मुदत समजावी. आधी काम ठरवावे, मग त्या तारखेपासून मागे मोजत तयारी करावी. समारंभ त्या दिवशी जरूर व्हावा, पण तो झालेल्या कामाचा असावा.

कोणता दिवस निवडावा

दिवस पुष्कळ आहेत आणि नव्या कार्यकर्त्याला ते सगळे पाळण्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी दोन दिवस पुरेत. निवड करण्यापूर्वी प्रत्येक तारखेमागची गोष्ट मात्र ठाऊक असावी, कारण काम कोणते घ्यावे हे ती गोष्टच सुचवते.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले. भारत सरकार २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून पाळते. त्याआधी वकीलवर्गात तो विधी दिन म्हणून ओळखला जात असे. संविधानाचा बहुतांश भाग २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आला, पण नागरिकत्वाची कलमे आणि निवडणूक आयोगाचे कलम ३२४ ही २६ नोव्हेंबरलाच लागू झाली होती. त्यामुळेच प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी, २५ जानेवारी १९५० रोजी, निवडणूक आयोग अस्तित्वात येऊ शकला. आयोगाचा हा स्थापना दिवस २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. प्रजासत्ताक सुरू होण्यापूर्वी मतदारांची नोंद ठेवणारी संस्था उभी राहिली, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो आणि नव्या मतदारांना तो आवर्जून सांगावा.

२४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायती राज दिन आहे, कारण १९९३ मध्ये त्या तारखेला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तो ग्रामपंचायतींचा दिवस असल्याने शहरातील मंडळाने त्याचा हट्ट धरू नये. सांवेर किंवा देपालपूरकडे ज्यांची शेती वा घर आहे त्यांनी त्या गावच्या ग्रामसभेला हजर राहावे, हेच त्याचे खरे पालन ठरेल. १५ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय लोकशाही दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये तो ठरवला आणि २००८ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे ही तारीख अनेकदा गणेशोत्सवात किंवा पितृपक्षात येते, म्हणून त्यासाठी वेगळा मांडव घालण्यापेक्षा गणपतीच्या एका संध्याकाळी मुलांची प्रतिरूप सभा ठेवणे सोयीचे. १२ ऑक्टोबरला २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला; त्या दिवसाबद्दल पुढे लिहिले आहे.

माझी शिफारस अशी, की पहिल्या वर्षी २६ नोव्हेंबर आणि २५ जानेवारी ही जोडी घ्यावी. या दोन तारखांत बरोबर साठ दिवसांचे अंतर आहे, आणि मतदार यादीचे वार्षिक काम त्याच सुमारास चालते. दुसऱ्या वर्षी त्यांत १ जून जोडावा. ही तारीख सहसा कोणत्याही दिनदर्शिकेत सापडणार नाही, पण ती आपल्या शहराच्या फार जवळची आहे.

आपला पत्ता आधी समजून घ्यावा

कोणतेही पत्रक छापण्यापूर्वी कार्यकर्त्याने स्वतःच्या घराचा निवडणुकीतील पत्ता कागदावर लिहून काढावा. त्यात पाच गोष्टी येतात: लोकसभा मतदारसंघ, विधानसभा मतदारसंघ, यादीतील भाग क्रमांक (म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या यादीचा क्रमांक), मतदान केंद्र आणि महापालिकेचा वॉर्ड. हे सोपे वाटते, पण मंडळाच्या बैठकीत विचारून पाहावे. आपला वॉर्ड क्रमांक सांगणारे अनेक जण सापडतात आणि भाग क्रमांक सांगणारा क्वचितच.

इंदूर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत: शहरातील इंदूर-१ ते इंदूर-५, आणि राऊ, महू, देपालपूर, सांवेर. यांपैकी महू लोकसभेसाठी धार मतदारसंघात मोडते, बाकीचे आठ इंदूर लोकसभेत. त्यामुळे महूत राहणारा भाऊ आणि रामबागेत राहणारी बहीण यांचे खासदार वेगळे असतात, जरी दोघांचे जिल्हाधिकारी कार्यालय एकच असले तरी. शहराच्या दक्षिणेकडील काही वसाहती राऊ विधानसभेत येतात, हेही तिथे नव्याने घर घेतलेल्यांना ठाऊक नसते.

महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत आणि त्यांची हद्द विधानसभेच्या भागांपेक्षा निराळ्या हेतूने आखलेली असते. इथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निर्वाचन आयोग घेतो, तर महापालिकेची निवडणूक राज्य निर्वाचन आयोग घेतो आणि त्यासाठी वॉर्डनिहाय मतदार यादी वेगळी तयार होते. विधानसभेला मत दिले म्हणून पालिकेच्या यादीत नाव असेलच असे नाही. जुलै २०२२ मध्ये झालेल्या पालिका निवडणुकीत इंदूरच्या मतदाराने दोन मते दिली, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी. ज्याला महाराष्ट्रात नगरसेवक म्हणतात तो इथे पार्षद; पुण्या-नाशिकहून आलेल्या सुनांना व जावयांना हे शब्द पहिल्या भेटीतच सांगून ठेवावेत, नाहीतर हिंदी अर्ज भरताना त्यांचा गोंधळ होतो. ‘निर्वाचक नामावली’ म्हणजे मतदार यादी, ‘मतदाता’ म्हणजे मतदार, आणि दारावर येणारा ‘बीएलओ’ म्हणजे त्या मतदान केंद्रापुरता नेमलेला कर्मचारी, जो बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतो.

यादीचे काम : ऑक्टोबर ते जानेवारी

हे सर्वांत मोठे आणि सर्वांत मोलाचे काम आहे. मतदार याद्यांचे पुनरीक्षण साधारणपणे पावसाळ्यानंतर सुरू होते. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, काही आठवडे दावे व हरकती घेतल्या जातात आणि नवीन वर्षाच्या सुरुवातीला अंतिम यादी येते. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या बीएलओकडून किंवा १९५० या मदत क्रमांकावरून विचारून घ्याव्यात. प्रारूप यादी जाहीर झाल्यावर कार्यकर्त्यांनी आपापल्या गल्लीतील वा इमारतीतील घरे वाटून घ्यावीत. एका कार्यकर्त्याकडे पंधरा-वीस घरे असावीत. त्याहून जास्त घेतल्यास दुसऱ्या रविवारी उत्साह ओसरतो, हा माझा अनुभव आहे.

घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘या घरातल्या सगळ्यांची नावे यादीत आहेत का, हे आपण आत्ता बघू या का?’ कोणाला मत देणार, मागच्या वेळी कोणाला दिले, असे काहीही विचारू नये. त्यानंतर मोबाइलवर किंवा छापील यादीत नाव शोधावे.

नाव शोधताना मराठी माणसाची एक खास अडचण येते. इथल्या याद्या हिंदीत आहेत आणि हिंदी लेखनात आपला ‘ळ’ टिकत नाही. काळे यांचे ‘काले’ होते, गोळे यांचे ‘गोले’, कुळकर्णी तर दोन-तीन रूपांत सापडतात. आडनाव टाकून शोध घेतला आणि नाव मिळाले नाही, म्हणजे ते वगळले गेले, असा निष्कर्ष काढून घाबरलेल्या कितीतरी घरांत मी गेलो आहे. म्हणून शोध नेहमी मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने घ्यावा. ओळखपत्र हाताशी नसेल तर भाग क्रमांक पाहून त्या भागाची पूर्ण यादी घरक्रमांकानुसार वाचावी. वेळ लागतो, पण खात्री होते. आणि नाव चुकीचे छापलेले आढळले, तर ते दुरुस्त करून घ्यावे. ‘काले’ म्हणून मतदान करता येते हे खरे, पण इतर कागदपत्रांशी नाव जुळेनासे झाले की त्रास वाढत जातो.

दुसरी अडचण स्त्रियांच्या नावांची आहे, आणि तिचा इतिहास जुना आहे. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, म्हणजे १९५१-५२ साली, याद्या तयार होत असताना असंख्य स्त्रियांनी परक्या माणसासमोर स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. निवडणूक आयोगाने नावाशिवाय नोंद ठेवण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया त्या यादीतून वगळल्या गेल्या. आज तसे होत नाही, पण आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. माहेरच्या नावाने एका शहरात नोंद, सासरच्या नावाने आधार कार्ड, आणि इंदूरच्या यादीत काहीच नाही, अशी अवस्था मी मराठी घरांत वारंवार पाहिली आहे. म्हणून घरातील सुनेला तिचे लग्नापूर्वीचे नाव, ते शहर आणि तिथे मतदार कार्ड काढले होते का, हे तिच्याच तोंडून समजून घ्यावे. सासूबाई किंवा नवऱ्याने दिलेल्या उत्तरावर थांबू नये.

आता अर्जांविषयी. पहिल्यांदाच नाव नोंदवायचे असेल तर अर्ज क्रमांक ६ भरावा. पूर्वी दुसरीकडे नाव असेल आणि आता राहण्याचे ठिकाण बदलले असेल, तर अर्ज क्रमांक ८ भरावा. नावातील, वयातील वा पत्त्यातील दुरुस्तीसाठीही हाच अर्ज आहे. मृत व्यक्तीचे किंवा कायमच्या स्थलांतरित झालेल्या व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी अर्ज क्रमांक ७ आहे. नव्या कार्यकर्त्यांची सर्वांत मोठी चूक अशी, की पुण्याहून आलेल्या सुनेसाठी ते अर्ज ६ भरून देतात. त्या अर्जात ‘माझे नाव अन्य कोणत्याही यादीत नाही’ असे घोषित करावे लागते, आणि ती घोषणा खोटी ठरली तर तो कायद्याने गुन्हा आहे. अशा वेळी अर्ज ८ हाच योग्य मार्ग आहे. त्यामुळे जुन्या ठिकाणचे नावही निघते.

उलट दिशेचा प्रश्न अधिक नाजूक असतो. मुलगा आठ वर्षे पुण्यात नोकरी करतो, तिथे घर घेतले आहे, सणाला येतो आणि नाव इंदूरच्या यादीत आहे. आईला ते नाव काढवत नाही. कायद्याची कसोटी अशी, की मतदार जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचे नाव असावे; केवळ वडिलोपार्जित घर असणे पुरेसे नाही. शिकण्यासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा, यांपैकी एक पत्ता निवडता येतो. कार्यकर्त्याने नियम शांतपणे सांगावा आणि निर्णय कुटुंबावर सोडावा. स्वतः पुढाकार घेऊन दुसऱ्याच्या नावाविरुद्ध अर्ज ७ कधीही देऊ नये. मंडळाने ते केले की शेजारधर्म संपतो आणि पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

वयाचा नियमही नीट सांगावा. मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ झाले आणि १९८९ पासून ते लागू आहे. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागत असे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे बारावीत शिकणारी मुले हीच मंडळाची खरी पाहुणी आहेत. त्यांना अर्ज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मोबाइलवरून भरू द्यावा. पालकांनी भरलेला अर्ज त्यांच्या लक्षात राहत नाही.

गठ्ठ्याने अर्ज गोळा करून कार्यालयात देण्याचा मोह टाळावा. अर्ज व्यक्तीने स्वतः किंवा त्याच घरातल्या सदस्याने द्यायचा असतो आणि संस्थांनी आणलेले गठ्ठे स्वीकारले जात नाहीत. मंडळाने लोकांना बीएलओपर्यंत पोहोचवावे, बीएलओंना एखाद्या रविवारी मंडळाच्या जागेत बसण्याची विनंती करावी, टेबल-खुर्ची, वीज आणि पिण्याचे पाणी द्यावे. कोणाच्याही आधार कार्डाची झेरॉक्स मंडळाच्या कपाटात राहता कामा नये.

ज्येष्ठांसाठी एक माहिती वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभा निवडणुकीत घरून मतदान करता येते. त्यासाठी अर्ज १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत इतकी लहान आहे, की आधी ठाऊक नसेल तर हमखास हुकते.

एवढे काम झाले की २५ जानेवारीचा कार्यक्रम आपोआप आकार घेतो. ज्यांची नावे या वर्षी लागली त्यांना पुढे बोलवावे, त्यांचा भाग क्रमांक आणि मतदान केंद्र वाचून दाखवावे, आणि मग सर्वांनी प्रतिज्ञा घ्यावी. पाहुण्याच्या भाषणाऐवजी आपल्या भागाच्या बीएलओ ताईंचा सत्कार करावा. वर्षभर दारोदार फिरणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला एरवी कोणी खुर्चीही देत नाही.

२६ नोव्हेंबरची सकाळ

संविधान दिनाला उद्देशिकेचे वाचन सर्वत्र होते. आपल्याला ते दोन भाषांत करता येते, ही इंदूरची देणगी आहे. ‘आम्ही, भारताचे लोक’ आणि ‘हम, भारत के लोग’ हे दोन्ही मजकूर समोरासमोर छापून वाटावेत आणि मुलांना शब्द जुळवायला सांगावेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कोणते शब्द उद्देशिकेत आले, तेही त्यांनी शोधावे. अर्ध्या तासात उद्देशिका पाठ होते आणि तिच्यावर प्रश्नही सुरू होतात.

त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण घ्यावे. त्याचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. तीन-चार जणांनी भाग वाटून घेऊन तो मोठ्याने वाचावा. त्या भाषणात तीन इशारे आहेत: सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानिक मार्गच धरावेत, राजकारणात व्यक्तिपूजा करू नये, आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता तिला सामाजिक लोकशाहीचा पाया द्यावा. यांतल्या प्रत्येक इशाऱ्यावर सभेतील एका माणसाने स्वतःच्या मोहल्ल्यातले एक उदाहरण सांगावे, अशी पद्धत ठेवावी. पहिल्या वर्षी लोक बुजतात. दुसऱ्या वर्षी मात्र आपल्या सोसायटीच्या बैठकीत कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही, हा विषय निघतो, आणि सभा खऱ्या अर्थाने रंगते.

हा दिवस आपल्या शहराचाही आहे, हे मुलांना दाखवावे. ज्यांच्या नावाच्या बस स्टँडवरून आपण आयुष्यभर गाड्या पकडत आलो, ते विनायक सीताराम सरवटे मध्य भारतातर्फे संविधान सभेचे सदस्य होते. सरवटे बस स्टँड म्हणजे इंदूरकराला रोजचे ठिकाण, पण हे नाव संविधान सभेच्या यादीत आहे हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या महूत झाला. १४ एप्रिलला तिथे देशभरातून माणसे येतात आणि लहान मुलांना घेऊन शांतपणे काही पाहता येत नाही. म्हणून मंडळाची सहल नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी काढावी.

१ जून : पालिकेचा दिवस

आता त्या तारखेविषयी, जी मी वर सुचवली. शहरांच्या स्थानिक शासनाला संविधानात स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. पंचायतींच्या दुरुस्तीचा दिवस देशभर पाळला जातो, नगरपालिकांचा मात्र तसा पाळला जात नाही. इंदूरमध्ये या तारखेला दुहेरी औचित्य आहे, कारण आदल्या दिवशी, ३१ मे रोजी, अहिल्याबाई होळकरांची जयंती असते. घाट, विहिरी, धर्मशाळा यांच्या रूपाने सार्वजनिक कामाचा आदर्श घालून देणाऱ्या राज्यकर्तीच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी नागरिकांनी आपल्या वॉर्डाचा हिशेब घ्यावा, यात मला मोठे औचित्य वाटते.

शिवाय पावसाळा तोंडावर असतो. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दहा-बारा जणांनी सकाळी सहा वाजता, उन्हे चढण्यापूर्वी, वॉर्डात फेरी मारावी. गटारांवरच्या तुटलेल्या फरश्या, बुजलेले नाले, पाणी साचणाऱ्या जागा, बंद दिवे यांची नोंद जागेच्या खुणेसह करावी: ‘अमुक दवाखान्यासमोर, उजव्या हाताला’ असे लिहावे, नुसते ‘गल्लीत’ असे लिहू नये. तक्रारी ‘इंदौर ३११’ या पालिकेच्या ॲपवर नोंदवून प्रत्येकीचा क्रमांक वहीत घ्यावा. राज्य शासनाच्या अखत्यारीतील बाबींसाठी १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे. त्यानंतर १ जूनला पार्षदांना आणि झोन कार्यालयातील अधिकाऱ्यांना मंडळात बोलवावे आणि क्रमांकांची यादी समोर ठेवावी. आवाज चढवायची गरज पडत नाही. क्रमांक आणि तारीख पुरेशी असते.

पार्षद कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना सन्मानाने बसवावे. त्यांनाही दोन प्रश्न विचारावेत: वॉर्डासाठी या वर्षी कोणती कामे मंजूर झाली, आणि वॉर्ड समितीची बैठक कधी झाली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात, असे संविधानाचे कलम २४३-एस (243S) सांगते. महिला पार्षदांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण बैठकीला त्यांच्याऐवजी घरचा पुरुषच येऊन बोलतो, असे अनेक ठिकाणी घडते. निमंत्रण पार्षदांच्या नावाने द्यावे आणि उत्तरही त्यांच्याकडूनच मागावे.

माहितीचा एक प्रश्न

१२ ऑक्टोबरला मंडळाने माहितीच्या अधिकाराखाली एकच अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना ते माफ आहे, आणि उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळावे लागते. अर्ज हिंदीत, एका पानावर, नेमक्या कागदाची मागणी करणारा असावा. ‘रस्ता का झाला नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही; ‘अमुक रस्त्याच्या कामाच्या आदेशाची आणि देयकाची प्रत द्यावी’ याला मिळते. जूनमध्ये ज्या तक्रारी तशाच राहिल्या, त्यांतली एक निवडली की वर्षाचे धागे जुळतात. अर्जदार म्हणून दरवर्षी वेगळ्या व्यक्तीचे नाव असावे, म्हणजे हे कौशल्य एका हातात अडकत नाही.

परवानगी आणि निःपक्षपातीपणा

बंद सभागृहातील कार्यक्रमाला फार सोपस्कार लागत नाहीत. मोकळ्या जागेत, रस्त्यावर किंवा बागेत करायचा असेल तर पोलीस ठाण्याला आणि जागेच्या मालक संस्थेला आधी लेखी कळवावे, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर वाजवू नये. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली असेल, तर साध्या कार्यक्रमाचीही परवानगी निर्वाचन कार्यालयाकडून घ्यावी आणि त्या काळात कोणत्याही उमेदवाराला, त्याच्या नातेवाइकाला वा पदाधिकाऱ्याला मंचावर बसवू नये.

पक्षाचे काम करणारा माणूस मंडळात असू शकतो. तो त्याचा हक्क आहे. मात्र यादीच्या कामाला जाताना त्याने पक्षाची खूण घरी ठेवावी, आणि घरोघरी जमलेली नावे वा फोन क्रमांक कोणालाही देऊ नयेत. हा विश्वास एकदा मोडला की मंडळाचे दार कायमचे बंद होते.

काही विषय कठीण असतात, पण टाळू नयेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, २,१८,६७४ मते पडली. मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यानंतरची ती निवडणूक होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय मतदान यंत्रावर आला. तरुण मुले या आकड्याबद्दल विचारतातच. त्यांना आकडा, घटनाक्रम आणि नियम सांगावा: नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी उरलेल्या उमेदवारांत ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो. त्यावर ते बरोबर होते की चूक, हे मुलांना आपसात बोलू द्यावे आणि सूत्रसंचालकाने स्वतःचे मत राखून ठेवावे.

दुसऱ्या दिवसाची वही

प्रत्येक दिनानंतर एका आठवड्याच्या आत वही पूर्ण करावी. तीत छायाचित्रे नसली तरी चालेल. किती घरांना भेट दिली, किती अर्ज कोणत्या प्रकारचे झाले, किती मंजूर झाले, कोणाचा अर्ज का फेटाळला गेला, किती तक्रारी नोंदवल्या आणि किती मिटल्या, एवढे असावे. व्यक्तींची नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक न लिहिता घरांची फक्त संख्या ठेवावी. ज्यांचे काम अर्धवट आहे त्यांची यादी वेगळ्या कागदावर असावी आणि काम झाले की तो कागद फाडून टाकावा.

वहीच्या शेवटच्या पानावर येत्या १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला आपल्या गल्लीत किती जण १८ पूर्ण करणार आहेत, ते लिहावे. आमच्या वहीत या वर्षी तिथे सात हा आकडा आहे. त्यातल्या तिघांची बारावीची परीक्षा आहे, म्हणून त्यांच्याकडे मार्चच्या शेवटी जायचे ठरले आहे.